आधी खिडकी, मग शोकेस



मागच्या वैशाखात दांडीला एका घरी गृहप्रवेशाला गेले होते. रमाई आवास योजनेतून मंजूर झालेलं घरकुल, त्यात पदरचे पैसे घालून नीट पूर्ण केलेलं. दाराला तोरण, भिंतींना आकाशी रंग, फरशी चकचकीत. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा आत वीस-बावीस माणसं होती. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखा बंद केलेला. पंचशील होईपर्यंत घरातल्या आजीचा जीव घाबरा झाला. तिला धरून अंगणात आणलं. बाहेर समुद्राचा वारा असा सुटलेला की मांडवाचं कापड फडफडत होतं. पंधरा पावलांवर एवढा वारा, आणि आत श्वासाला जागा नाही.

मी खिडकी शोधली. होती. पश्चिमेच्या भिंतीत चांगली चार बाय चार फुटांची खिडकी होती, पण तिच्यावर भिंतभर शोकेस बसवलेलं. मधे टीव्ही, दोन्ही बाजूंना काचेची दारं, आत कपबश्या आणि मुलाच्या शाळेतल्या ट्रॉफ्या. त्या माउलीने कंपनीत पॅकिंगचं काम करून साठवलेले पैसे त्यात घातले होते. "ताई, कसं झालंय घर?" तिने विचारलं. "छान झालंय," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. ज्यांच्या आजोबांनी गळक्या छपराखाली पावसाळे काढले त्यांच्या घरात शोकेस यावं, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. म्हणून त्या दिवशी गप्प बसले. पण आजीचा दमा मला माहीत होता. आठ दिवसांनी मोजपट्टी घेऊन पुन्हा गेले.

घराची सजावट म्हटली की आपल्याला पीओपीचं छत आणि रंगीत लाइटी आठवतात. नर्सिंग शिकलेल्या बाईला दुसरंच काहीतरी आठवतं. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली रुग्णसेवेवर जे पुस्तक लिहिलं त्याचं पहिलं प्रकरण औषधांवर नाही, हवेवर आहे, आणि दुसरं घराच्या आरोग्यावर. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड, या पाच गोष्टी नसतील तर घर निरोगी असूच शकत नाही, असं ती सांगते. डिप्लोमाला असताना हे पाच मुद्दे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. ते कळले फार नंतर, आणि कसे कळले तेही सांगते.

एका रुग्णालयात नोकरीला असताना क्षयरोगाचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता. मी त्याला गोळ्या समजावल्या, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगितलं, अंडी-डाळ खायला सांगितलं. घरात किती जण एका खोलीत झोपता, खिडकी आहे का, उघडते का, हे विचारलं नाही. कागदावर तो रकानाच नव्हता. पाच महिन्यांनी त्याची धाकटी बहीण त्याच बाकावर बसलेली दिसली. नंतर मी त्यांच्या घरी गेले. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, एक खिडकी. त्या खिडकीत कूलर बसवायचा म्हणून प्लायवूड ठोकलेलं, आणि कूलर कधी आलाच नव्हता.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खोकल्याबरोबर बाहेर पडलेले बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. हवा बदलली तर ते विरळ होतात, आणि ऊन त्यांना मारतं. औषधं नीट सुरू झाली की थोड्या आठवड्यांत रुग्णाकडून संसर्ग पसरण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. खरा धोका त्याआधीचा असतो, जेव्हा आजार कोणालाच माहीत नसतो. म्हणून खिडकी आजार झाल्यावर उघडायची गोष्ट नाही, ती रोजचीच हवी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. रुग्णाला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ते ५०० होते. घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यावं आणि प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावं. हे पैसे आणि या गोळ्या आपल्या हक्काच्या आहेत. खिडकी मात्र सरकार उघडून देत नाही.

नुसत्या खिडकीने एवढा काय फरक पडणार, असं वाटेल. पेरू देशात लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत संशोधकांनी खोल्यांमधली हवा मोजली होती. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की तासाला साधारण २८ वेळा खोलीतली हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवायच्या खोल्यांसाठी जे प्रमाण धरलं जातं ते १२ वेळांचं. आणि उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड नव्या इमारतींपेक्षा सरस ठरले.

आपल्याकडेही तेच झालं आहे. कारवीच्या कुडाचं, कौलारू जुनं घर गरिबीचं होतं, त्याची आठवण काढून मी हळवी होणार नाही. त्यात साप यायचे, पावसात भिंत फुगायची, धूर डोळ्यांत जायचा. पण कुडाच्या फटींतून आणि कौलांखालून हवा आपोआप फिरायची, कोणाला ठरवावं लागत नव्हतं. सिमेंटच्या घरात हवा आपोआप फिरत नाही. तिला वाट ठरवून द्यावी लागते. ती वाट गवंडी ठरवतो, सुतार बुजवतो, आणि घरातल्या बाईला कोणीच विचारत नाही.

मोजपट्टीचा हिशोब सोपा आहे. नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो की उष्ण आणि दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश एवढी उघडी जागा खिडक्या आणि झरोक्यांना हवी. दार त्यात धरायचं नाही. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीला सोळा-सतरा चौरस फूट. चार बाय चारची खिडकी बसली की काम झालं, पण ती पूर्ण उघडत असेल तर. सरकणारी काचेची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, ती आठच धरा. त्यातही समोरासमोरच्या भिंतींत दोन लहान खिडक्या एका मोठ्या खिडकीपेक्षा चांगल्या, कारण हवेला आत यायला एक आणि बाहेर जायला एक अशा दोन वाटा लागतात. समोर खिडकी काढायला जागा नसेल तर दाराच्या वर, छताजवळ सिमेंटची जाळी बसवा. गरम हवा वर चढते, ती तिथून निघून जाते. घरकुलाचं क्षेत्रफळच २६९ चौरस फुटांचं. त्यात एक खिडकी बुजली म्हणजे घराचं एक नाक दाबलं.

हे सगळं पाश्चात्त्यांकडून शिकावं लागतं असंही नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाबद्दल एक आख्खा भाग आहे. विहारांना खिडक्या नव्हत्या, आत अंधार आणि कुबट वास असे, डोळ्यांना त्रास होई. हे भगवान बुद्धांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना परवानगी दिली, कठड्याची, जाळीची आणि गजांची. मग त्या खिडक्यांतून खारी आणि वटवाघळं आत येऊ लागली, तर खिडकीला पडदा लावायला सांगितलं. शेकण्याच्या खोलीत धूर कोंडला, तर धूर जायला नळी करायला सांगितली. जोतं बसकं म्हणून पाणी शिरलं, तर जोतं उंच करा. चढताना माणसं पडली, तर हाताला धरायला कठडा लावा. अडचण आली, पाहिली, उपाय केला. यात कुठे शुभ-अशुभ नाही, दिशेचा कोप नाही.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण वास्तुशास्त्र आता आपल्याही घरांत मागच्या दाराने शिरतं आहे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि नैर्ऋत्येची खिडकी बंद, असं घर मी बोईसरला पाहिलं. नैर्ऋत्य जड आणि बंद ठेवावी म्हणतात. अरे, आपल्या किनाऱ्यावर वारा येतो कुठून? पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडूनच. समुद्र तिकडे आहे. ज्याने सल्ल्याचे पैसे घेतले तो असल्या बंद खोलीत झोपायला येणार नाही, आपली आई झोपणार आहे.

वाऱ्याबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं, कारण दांडी, नवापूर, उच्छेळी या पट्ट्यात "खिडकी उघडी ठेवा" एवढं म्हणून भागत नाही. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पावसाळा सोडला तर हे चक्र बहुतेक दिवस चालतं. आपल्या पूर्वेला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. म्हणून रात्री-पहाटे कधीकधी तो उग्र वास घरात येतो आणि लोक सगळ्याच खिडक्या लावून टाकतात, मग त्या दिवसभर तशाच राहतात. तसं करू नका. सकाळी दहा-अकरानंतर समुद्राचा वारा धरला की पश्चिमेच्या खिडक्या सताड उघडा, समोरची दारं उघडा, तासाभरात घर धुतल्यासारखं होतं. रात्री वास आलाच तर पूर्वेची बाजू लावा, पश्चिमेचा झरोका चालू ठेवा. डोळे चुरचुरले, घशात जळजळ झाली तर तारीख आणि वेळ वहीत लिहा. तक्रार करताना "नेहमी वास येतो" यापेक्षा "अमुक तारखेला रात्री दोन वाजता" याला वजन असतं. आमच्या पाण्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. हवेचीही लढाई तिथेच, कायद्याच्या दारात लढायची आहे. ती खिडकी लावून जिंकता येणार नाही.

खाऱ्या हवेत लोखंडी खिडकी तीन-चार पावसाळ्यांत गंजून बसते. मी पाहिलेल्या किती घरांत खिडकी आहे आणि ती उघडतच नाही. जमत असेल तर अॅल्युमिनियमची किंवा चांगल्या लाकडाची चौकट घ्या. लोखंडाचीच असेल तर पावसाळ्याआधी घासून रेड ऑक्साइड आणि बिजागरीला तेल. आणि बांधकामात समुद्राची किंवा खाडीची रेती अजिबात वापरू देऊ नका. स्वस्त पडते, पण तिच्यातलं मीठ आतल्या सळया खातं. दहा-बारा वर्षांत स्लॅबचे पोपडे पाळण्यात पडतात.

संध्याकाळी खिडक्या बंद होण्याचं दुसरं कारण डास. बंद खोलीत मग कॉइल लावतात. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरल्याचा अभ्यास आहे. बाप बाहेर जाऊन बिडी ओढतो आणि आपण लेकराच्या उशाशी कॉइल लावतो. त्यापेक्षा खिडकीला फायबरची जाळी लावा. ती कापून, चिकटपट्टीने बसवून मिळते, धुताही येते. दोन खिडक्यांच्या जाळीचा खर्च वर्षभराच्या कॉइलच्या आसपास येतो. झोपताना मच्छरदाणी. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासून कोरडं करायचं, कारण डेंग्यूचा डास घाणीत नाही, आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

धुराचं बोलतोच आहोत तर थोडं नाजूक बोलते. वंदनेला अगरबत्ती लावणं ही आपली सवय झाली आहे. विहारात, मोकळ्या जागी, तिचा त्रास नाही. पण दमेकरी माणूस असलेल्या बंद घरात सकाळ-संध्याकाळ अगरबत्तीचा धूर फुप्फुसाला त्रासदायकच. फुलं वाहून, मेणबत्ती लावून वंदना पूर्ण होते. हे वाचून कोणी रागावेल, रागावू द्या.

चुलीचा धूर तर सर्वांत मोठा. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दम्यासारखा कायमचा श्वासाचा आजार, हृदयविकार येतात. बायकांच्या मोतीबिंदूलाही हा धूर हातभार लावतो. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून सिलिंडर घरी आला, पण भरून आणायला पैसे लागतात, म्हणून आंघोळीचं पाणी, भाकरी, सुकटीचं कालवण अजून चुलीवर होतं. ठीक आहे, चूल लगेच जाणार नाही. पण ती घरातून पडवीत आणा, आणि पडवीतही खिडकीखाली नको, नाहीतर धूर पुन्हा आतच येतो. स्वयंपाकघर आतच असेल तर ओट्याच्या वर धूर जायला झरोका किंवा छोटा एक्झॉस्ट पंखा हवाच. गॅसवरही तळण-फोडणीचा धूर होतो. तीन वर्षांखालचं मूल कडेवर घेऊन चुलीपाशी बसू नका.

माता रमाईंनी चार लेकरं गमावली. राजरत्न १९२६ मध्ये न्यूमोनियाने गेला. आज ज्या घरकुलाला आपण रमाईचं नाव दिलं आहे, त्याच्या ओट्यावर झरोका नसतो तेव्हा मला हे आठवतं.

आता ओल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती पाणी पितात. कपाट, पलंग, पुस्तकांचं मांडणं भिंतीला चिकटवून ठेवलं की मागे काळी बुरशी धरते, आणि तिच्या वासाने मुलं रात्रभर शिंकतात. म्हणून सामान भिंतीपासून चार बोटं दूर. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा बसतो, तिच्या बाहेरच्या भेगा मे महिन्यातच बुजवून घ्या. आतून डिस्टेंपर मारून ओल झाकली जाते, जात नाही. जिथे ओल येते तिथे प्लास्टिकसारखा चकचकीत रंग किंवा वॉलपेपर लावू नका, आत पाणी कोंडून पोपडे येतात. साधा चुना श्वास घेऊ देतो आणि बुरशीही अडवतो. आपल्याला तो गरिबीचा वाटतो ही वेगळी गोष्ट. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत, पडवीत दोरी बांधा. ऊन पडेल त्या दिवशी गोधड्या-गाद्या बाहेर.

छपराचंही तसंच. सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा असेल तर मार्चपासून घर भट्टी होतं. बाळंतीण, म्हातारी माणसं आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस, या तिघांचे हाल मी दर उन्हाळ्यात पाहते. पत्र्यावर वरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारला की आत काही अंशांचा फरक पडतो. पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते शाबूत असताना फार भीती नाही, पण ते कापणं, भोकं पाडणं, कोरडे घासणं, फोडून अंगणात भराव टाकणं हे करू नका. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोग करतात. काढायचेच असतील तर पाणी मारून, अख्खे उतरवा, तोंडाला मास्क लावून, आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. रंगाचंही एक सांगते. दारं-खिडक्या, पाळणा यांना ऑइलपेंट घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण बघा. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असायला मनाई आहे. सुट्टा, बिननावाचा रंग स्वस्तात घेऊ नका. शिसं मुलांच्या मेंदूला मारतं, आणि मुलं पाळण्याचा कठडा चावतात.

उजेडाकडे येते. बाबासाहेबांच्या चरित्रात लोअर परळच्या डबक चाळीतली ती एक खोली सगळ्यांनी वाचलेली आहे. भांडीकुंडी, वर फळीवर सरपण, उशाशी जातं, पायथ्याशी शेळी. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमरावांना उठवायचे आणि स्वतः त्या जागेवर झोपायचे. काच नसलेल्या दिव्यावर अभ्यास. ही कथा आपण मुलांना सांगतो ती कष्टाची म्हणून. मला त्यात एका बापाने केलेली घराची मांडणीही दिसते. जागा नव्हती, तर त्याने वेळ वाटून घेतली, पण मुलाच्या अभ्यासाला कोपरा दिला. पुढे हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत आलं. या चाळी १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने बांधल्या. कोंदट वस्त्यांत रोग पसरतो, घरांना उजेड आणि हवा मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. दादरचं राजगृह तर बाबासाहेबांनी पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधलं.

आपल्या २६९ फुटांत राजगृह होणार नाही, पण खिडकीजवळ दोन बाय तीन फुटांची एक फळी होते. भिंतीला बिजागरीने लावलेली, अभ्यास झाला की खाली पाडायची. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डावीकडून उजेड येईल अशी. रात्री डोक्यावरचा एक बल्ब पुरत नाही, सावली वहीवर पडते, बाजूला छोटा दिवा हवा. आणि टीव्ही या फळीच्या समोर नको. त्यातल्या त्यात एक भांडण घरोघरी करण्यासारखं आहे, ते हे. मुलं दिवसातून दोन तास उघड्यावर उजेडात खेळली तर चष्मा लागण्याचं प्रमाण घटतं, तेव्हा "अभ्यास कर" म्हणून संध्याकाळी कोंडूनही ठेवू नका.

बाईसाठी कोपरा हा विषय काढला की सगळे हसतात. पण ज्या ओट्यावर ती रोज चार तास उभी असते त्याची उंची गवंड्याने स्वतःच्या मापाने ठरवलेली असते. ओटा तिच्या कोपरापेक्षा चार-पाच बोटं खाली हवा. बुटक्या बाईला उंच ओटा म्हणजे खांदे भरून येणं, उंच बाईला बुटका ओटा म्हणजे कंबर. बांधायच्या आधी तिला उभी करून खूण करा, पाच मिनिटांचं काम आहे.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र मला घाई करता येत नाही. पडणं हा आजार आहे असं कोणी मानत नाही. सत्तरीच्या बाईचं मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडतं, ती अंथरुणाला खिळते, पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. लोक म्हणतात, वय झालं होतं. वय झालं होतं हे खरं, पण फरशीही गुळगुळीत होती. मोरी आणि संडासात चकचकीत टाइल्स लावू नका, खरखरीत घ्या. स्वस्तच असतात. लावून झाल्या असतील तर रबराची जाळीदार चटई टाका आणि ती रोज उचलून वाळवा, नाहीतर तीच शेवाळते. संडासात बसायच्या जागेशेजारी भिंतीला अडीच-तीन फुटांवर स्टीलचा दांडा पक्का बसवा. टॉवेलचा रॉड धरून माणूस उठत नाही, रॉडसकट पडतो. मोरीच्या उंबऱ्यावर रंगीत पट्टी मारा, मोतीबिंदूच्या डोळ्याला पांढऱ्या फरशीवरचा पांढरा उंबरा दिसत नाही. पलंगावरून हात पोचेल असं दिव्याचं बटण, किंवा रात्रभर जळणारा शून्याचा बल्ब. चुल्लवग्गातला तो हाताचा कठडा मला आठवतो तो इथे.

आणि उंच कपाटं, शोकेसं भिंतीला स्क्रूने बांधून ठेवा. डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून धक्के बसत आले आहेत, आपण फार दूर नाही. माळ्यावरची पितळी भांडी झोपायच्या जागेच्या वर नकोत.

ज्यांचं घरकुल आता मंजूर झालं आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे येतात. खिडक्यांची संख्या आणि जागा जोत्याच्या वेळीच गवंड्याशी बोलून ठरवा, कागदावर काढून घ्या. भिंत लिंटेलपर्यंत आली की मग खिडकी वाढवणं म्हणजे भिंत फोडणं. पैसे संपत आले की माणूस पहिली काट खिडकीवर मारतो, कारण विटा खिडकीपेक्षा स्वस्त पडतात. काट मारायचीच तर पीओपीवर मारा, नऊ फुटांच्या छताखाली आणखी एक छत आणून आपण आपलीच हवा कमी करतो. फरशी साधी घ्या. शोकेस पुढच्या वर्षी येईल.

दांडीच्या त्या घरातलं शोकेस सुताराने एका दिवसात पूर्वेच्या भिंतीवर हलवलं. एक दिवसाची मजुरी आणि टीव्हीची वायर लांबवायचा खर्च, एवढंच. खिडकी मात्र गंजून बसली होती, तिला रॉकेल पाजून हातोडीने ठोकून उघडायला अर्धा तास लागला. आजी आता दुपारी त्या खिडकीखाली आडवी होते, पंप कमी लागतो म्हणते. उघड्या खिडकीतून वाऱ्याबरोबर किनाऱ्याची बारीक वाळू येते आणि ती कपबश्यांवर बसते, म्हणून ती माउली माझ्यावर थोडी नाराज आहे. जाळी लावून देईन म्हटलं आहे, या रविवारी जायचं आहे.